नसलेले आठ गिअर : होंडा प्रेल्यूडबरोबरचे सात महिने

गेल्या डिसेंबरात मी चौदा वर्षे वापरलेली सहा गिअरची मॅन्युअल गाडी विकली आणि होंडा प्रेल्यूड घेतली. त्यानंतरच्या सात महिन्यांत ती साडेसात हजार मैल, म्हणजे जवळजवळ बारा हजार किलोमीटर धावली आहे. मी कॅलिफोर्नियात सनीव्हेल येथे राहतो. आठवड्याचे पाच दिवस गाडी कार्यालयाच्या वाटेवरच्या गर्दीत असते आणि महिन्यातून तीन-चार शनिवारी पहाटे मी ती सांताक्रूझच्या डोंगरांत नेतो. गाडीचे रूप, पडदा, आतली सजावट यांविषयी मला विशेष काही लिहायचे नाही. लिहायचे आहे ते एकाच गोष्टीविषयी, जिच्यामुळे गाडी घ्यावी की नाही हे ठरवायला मला दोन महिने लागले आणि जिच्याविषयीचे माझे मत नंतरही तीनदा बदलले. ती गोष्ट म्हणजे या गाडीत नसलेले आठ गिअर.

प्रेल्यूडमध्ये नेहमीच्या अर्थाचा गिअरबॉक्स नाही. पुढे दोन लिटरचे, ॲटकिन्सन या इंधन वाचवणाऱ्या पद्धतीने चालणारे पेट्रोल इंजिन आहे आणि त्याच्याबरोबर दोन विद्युत मोटरी आहेत. पहिली मुख्यतः जनरेटरचे काम करते, दुसरी चाके फिरवते. शहरात आणि चढावर इंजिनाचे काम वीज तयार करण्याचे असते. चाकांपर्यंत पोचते ती दुसऱ्या मोटरची ताकद. महामार्गावर स्थिर वेगाने जाताना मात्र एक क्लच आपोआप जुळतो आणि इंजिन थेट चाकांना जोडले जाते. एकत्रित शक्ती २०० अश्वशक्ती, टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर ३१५ न्यूटन-मीटर. भारतात मे २०२२ मध्ये आलेली होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती याच तत्त्वावर चालते, तिचे इंजिन फक्त दीड लिटरचे आहे. माझ्या पुण्यातल्या धाकट्या भावाकडे ती आहे, आणि तिच्यात बसलेल्या माणसाला पुढचा मुद्दा लगेच कळेल. अशा गाडीत पाय दाबला की इंजिन त्याला सोयीच्या फेऱ्यांवर (म्हणजे फिरण्याच्या गतीवर, आरपीएमवर) जाऊन बसते आणि तिथेच घुमत राहते, मग गाडीचा वेग तीस असो की साठ. आवाज एकीकडे आणि गाडी एकीकडे, अशी ती अवस्था असते. इंधनाच्या दृष्टीने हे उत्तम आहे. पण ज्याने आयुष्यभर इंजिनाच्या आवाजावरून वेग ओळखला, त्याच्या कानाला अशा गाडीत काही कामच उरत नाही.

होंडाने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेली एस प्लस शिफ्ट ही व्यवस्था कानाला ते काम परत देण्यासाठी आहे. मधल्या भागातले बटण दाबले की समोरच्या पडद्यावर फेऱ्यांचा काटा दिसू लागतो, इंजिनाचे फेरे गाडीच्या वेगाशी बांधले जातात आणि ते आठ पायऱ्यांमध्ये वाटले जातात. वरच्या गिअरसाठी स्टिअरिंगमागची उजवी पट्टी ओढली की संगणक क्षणभर मोटरचा टॉर्क आवरतो, इंजिनाचे फेरे झटकन खाली आणतो आणि टॉर्क पुन्हा सोडतो. पाठीला हलकासा धक्का बसतो. खालच्यासाठी डावी पट्टी ओढली की इंजिन स्वतःच क्षणभर फेरे वाढवते आणि गाडी अडू लागते. कसलेला चालक क्लच दाबून, मध्ये रेस देऊन खालचा गिअर टाकतो, तेव्हा जे घडते त्याचीच ही प्रतिकृती आहे.

गाडी घेण्यापूर्वी माझा आक्षेप अगदी सरळ होता : हे खोटे आहे. आज मला तो प्रश्न इतका सरळ वाटत नाही, कारण या व्यवस्थेत खोटे नेमके काय आहे हे मी बारकाईने पाहिले आहे. इंजिनाचे फेरे खरोखर बदलतात. काटा दाखवतो ते इंजिन त्या क्षणी खरोखर करत असते. स्पीकरमधून आवाजात भर घातली जाते हे खरे, पण त्या आवाजाच्या मुळाशी खरे इंजिन आहे. पाठीला बसणारा धक्काही खरा असतो, कारण चाकांवरचा टॉर्क त्या क्षणी प्रत्यक्ष कमी-जास्त झालेला असतो. खोटे आहे ते फक्त गुणोत्तर. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये आठ वेगवेगळ्या दातेरी जोड्या आहेत असे ही व्यवस्था भासवते, आणि त्या नाहीत. त्यामुळे ‘हे खरे की खोटे’ याऐवजी ‘मी दिलेल्या आज्ञेचा गाडीच्या चालण्यावर काही परिणाम होतो का’, हा प्रश्न मला अधिक उपयोगी वाटू लागला. जिथे परिणाम होतो तिथे ती आज्ञा खरी. जिथे होत नाही तिथे तो देखावा, मग आवाज कितीही सुरेख असो.

या कसोटीवर पहिला महिना चांगला गेला नाही. नव्या वस्तूच्या उत्साहात मी ते बटण सतत चालू ठेवत होतो. हायवे १०१ वर संध्याकाळच्या गर्दीत, सिग्नलवरून निघताना, घराच्या गल्लीतसुद्धा. सपाट सरळ रस्त्यावर दुसऱ्याचा तिसरा आणि तिसऱ्याचा चौथा करण्याने गाडी अधिक वेगाने जात नाही. उलट टॉर्क आवरला जातो तो क्षण वायाच जातो. मॅन्युअल गाडीत गिअर बदलावाच लागतो, कारण न बदलल्यास इंजिन ओरडते किंवा गुदमरते. येथे बदलण्याला कारणच नसते, आणि कारण नसलेली कृती हात फार दिवस करत नाहीत. जानेवारीच्या अखेरीस मी बटण दाबणे जवळजवळ सोडले होते आणि ही गाडी म्हणजे देखण्या कपड्यांतली होंडाचीच साधी सिव्हिक हायब्रिड आहे, असे पत्नीला सांगितलेही होते. तिचे म्हणणे असे की गाडी शांत आहे, पेट्रोल कमी खाते, यापेक्षा आणखी काय हवे. रोजच्या वापरापुरते ते बरोबरच होते.

माझे मत बदलले ते उतारावर. आमच्या भागात सॅराटोगा गावातून हायवे ९ डोंगर चढून अडीच हजार फुटांहून थोड्या अधिक उंचीवरच्या खिंडीत स्कायलाइन बूलेव्हार्डला मिळतो. रस्ता दुपदरी आणि झाडीतून जाणारा आहे, वळणे एकामागून एक येतात आणि काही वळणांवर पलीकडचे काहीही दिसत नाही. फेब्रुवारीत पावसानंतरच्या एका सकाळी मी तिथून खाली येत होतो. वळणाआधी ब्रेक दाबला, डावी पट्टी दोनदा ओढली, गाडी तिसऱ्यात असल्यासारखी अडली आणि वळणभर त्याच फेऱ्यांवर राहिली. ना मध्येच फेरे पडले, ना संगणकाने परस्पर वरचा गिअर धरला. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला तेव्हा मिळणारा जोर किती असेल, हे मला आधीच ठाऊक होते, कारण कान ते सांगत होते. एस प्लस बंद असताना याच वळणावर गाडी तितक्याच वेगाने जाते, कदाचित अधिक सुरळीतपणेही, पण तेव्हा मी वेग पडद्यावर वाचतो. चालू असताना तो मला ऐकू येतो आणि डोळे रस्त्यावर राहतात. अरुंद, ओल्या रस्त्यावर हा फरक मी किरकोळ मानत नाही.

त्यानंतर मी ते बटण कोठे दाबायचे हे ठरवू लागलो. चढावर क्वचित, उतारावर नेहमी, सपाटीवर कधीच नाही. बटण बंद असताना त्याच दोन पट्ट्या चाकांच्या गतीतून वीज परत मिळवण्याचे प्रमाण ठरवतात : डावी ओढली की गाडी अधिक अडते, उजवी ओढली की मोकळी होते. चालू असताना डावी म्हणजे खालचा गिअर, उजवी म्हणजे वरचा. दोन्ही स्थितींत डाव्या हाताचा अर्थ ‘आवर’ आणि उजव्याचा ‘सोड’ असाच राहतो, त्यामुळे हाताला दोन भाषा शिकाव्या लागत नाहीत. ज्याने कोणी हे जुळवले त्याने चालकाच्या बाजूने विचार केला आहे, असे मला मनापासून वाटते.

एप्रिलमध्ये माझे वडील साताऱ्याहून आले. ते पाटबंधारे खात्यात जीप चालवत असत आणि त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे कोयनानगर आणि चिपळूण यांमधल्या कुंभार्ली घाटात गेली. मला गाडी शिकवताना त्यांनी एकच नियम पुन्हा पुन्हा सांगितला होता : ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर, आणि न्यूट्रल करून गाडी कधी सोडू नकोस. हायवे ९ उतरताना ते शेजारी बसले होते. तीन-चार वळणे ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “कितवा टाकलायस?”

“तिसरा,” मी म्हणालो. “पण बाबा, तो खरा तिसरा नाही. या गाडीत गिअरच नाहीत. कॉम्प्युटर तसं भासवतो.”

“ब्रेक तापतायत का?”

“नाही. पायच फारसा जात नाही ब्रेकवर.”

“मग उतर तसाच,” एवढेच म्हणून ते बाहेरची झाडे पाहू लागले.

त्या रात्री मी त्यांच्या नियमाचा हिशेब मांडून पाहिला, कारण मला जाणून घ्यायचे होते की या गाडीत तो अजून लागू आहे की केवळ सवयीने पाळला जातो आहे. खिंडीपासून सॅराटोगापर्यंत उंचीतला फरक साधारण साडेसहाशे मीटर आहे. आम्हा दोघांसह गाडीचे वजन सोळाशे किलोच्या आसपास धरले, तर एवढ्या उतारात मोकळी होणारी ऊर्जा जवळजवळ तीन किलोवॉट-तास भरते. हवेचा आणि टायरांचा विरोध वजा केला तरी दोन उरतात. गाडीची बॅटरी मात्र सुमारे एक किलोवॉट-तासाचीच आहे, आणि उतार सुरू होताना तीही काही रिकामी नसते. म्हणजे घाटाच्या मध्यावर बॅटरी भरत आली की उरलेल्या ऊर्जेला दुसरी जागा द्यावी लागते. तेव्हा ही गाडी जनरेटरलाच मोटर बनवून त्याच्याकरवी इंजिन फिरवते, आणि जास्तीची वीज इंजिनाच्या त्या घुमण्यात खर्ची पडते. खऱ्या गिअरच्या गाडीत उतारावर इंजिन जो भार घेते तो घेण्याचा मार्ग येथे वेगळा आहे, तारांमधून जाणारा आहे. पण उतरत्या गाडीचे ओझे अखेर इंजिनावरच येते. एस प्लस नसतानाही हे घडते, फक्त तेव्हा पाय सोडलेला असताना इंजिन अचानक का घुमू लागले ते कळत नाही आणि माणूस दचकतो. एस प्लसमध्ये तेच घुमणे माझ्या हाताने निवडलेल्या पायरीत बसते. म्हणून उतारावरचा हा खालचा गिअर मी देखाव्यात मोजत नाही.

आता जे मिळत नाही त्याविषयी. मॅन्युअल गाडी चौदा वर्षे चालवली तरी शिकण्यासारखे काही ना काही उरत होते. थंड सकाळी पहिल्याचा दुसरा विनाधक्का कसा टाकावा, ब्रेकवरचा पाय न काढता टाचेने रेस कशी द्यावी, क्लच नेमका कोठे पकडतो हे पायाच्या अंगठ्याला कसे कळावे, हे सगळे चुका करत करत अंगात मुरले होते. प्रेल्यूडमध्ये चूक करताच येत नाही. गाडी बंद पडत नाही, वेगाला न झेपणारा खालचा गिअर मागितला तर तो मिळत नाही, आणि प्रत्येक बदल पहिल्या दिवशी जितका सफाईदार होता तितकाच आज आहे. तो सफाईदारपणा संगणकाचा आहे, माझा नाही. माझ्या वाट्याला उरते ती वेळ : कधी खाली यायचे, किती आधी, वळणात कोणत्या फेऱ्यांवर शिरायचे. ‘कधी’ माझे आणि ‘कसे’ गाडीचे, अशी ही वाटणी आहे. सात महिन्यांत माझा ‘कधी’ नक्कीच सुधारला आहे. पण डावा पाय निकामी बसून असतो, आणि लांबच्या प्रवासात कधी कधी तो नसलेला क्लच शोधतो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. मला ती जुनी गाडी आवडत होती.

हायब्रिडला खरा गिअरबॉक्स जोडताच येत नाही असे नाही. होंडानेच २०१० मध्ये सीआर-झेड ही हायब्रिड सहा गिअरच्या मॅन्युअलसह विकली होती. तिच्यात पातळ विद्युत मोटर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसवलेली होती. मुख्य काम इंजिनाचे आणि मोटर मदतनीस. त्या रचनेत क्लच आणि गिअर आपोआप टिकत होते, पण गाडी निव्वळ विजेवर फारशी चालत नव्हती आणि इंधनाची बचतही बेताची होती. दोन मोटरींच्या आजच्या रचनेत काम उलटले आहे : मोटर मुख्य आणि इंजिन मदतनीस. बचत वाढली आणि गिअरबॉक्सचे कारण गेले. ह्युंदाईने आयोनिक ५ एन या पूर्ण विद्युत गाडीत अशाच आठ पायऱ्या दिल्या आहेत. एका मित्राच्या गाडीत मी त्या एक संपूर्ण दुपार वापरल्या. तिथे चुकीच्या पायरीत जोर खरोखर कमी मिळतो आणि फेरे मर्यादेला जाऊन आदळतात, म्हणजे चालकाला चुकण्याची मुभा अधिक आहे. पण त्या आवाजामागे इंजिन नाही, हे मी पूर्ण दुपारभर विसरू शकलो नाही. प्रेल्यूडमध्ये चुकीची शिक्षा सौम्य आहे, पण आवाजाला आधार आहे. मला दुसरे अधिक मानवते. इतरांना पहिले मानवेल.

एस प्लसवर इतके लिहिल्यानंतर एक न्याय केला पाहिजे : या गाडीत चालकाला गुंतवून ठेवण्याचे मोठे काम गिअर करतच नाहीत, ते पुढची चाके करतात. पुढच्या निलंबनाची, म्हणजे सस्पेन्शनची, रचना होंडाच्याच सिव्हिक टाइप आर या ३१५ अश्वशक्तीच्या गाडीवरून घेतली आहे. तिच्यात चाक वळवण्याचा आस निलंबनाच्या मुख्य खांबापासून वेगळा काढलेला आहे, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना जोर दिला तरी स्टिअरिंग हातातून ओढले जात नाही. ब्रेम्बोचे ब्रेक पायाला दगडासारखे घट्ट लागतात, आणि वीज परत घेणाऱ्या ब्रेकिंगमधून खऱ्या ब्रेकमध्ये जाण्याचा सांधा सात महिन्यांत मला एकदाही जाणवला नाही. मोटरीचा जोर पायाखाली तत्पर असतो, आणि मागची चाके शेवटपर्यंत निमूट मागे येतात. प्रेल्यूड या नावाला ही परंपरा आहे. १९७८ ते २००१ या काळात निघालेल्या पाच पिढ्यांपैकी तिसरीत, १९८७ मध्ये, होंडाने चारही चाके वळवणारी यंत्रणा दिली होती. तिच्यात स्टिअरिंगपासून मागच्या चाकांपर्यंत पोलादी दांडा जात असे. किंचित वळवले तर मागची चाके पुढच्यांच्याच दिशेला वळत, अधिक वळवले तर उलट दिशेला. आज दांड्याची जागा संगणकाच्या आज्ञावलीने घेतली आहे. पण चालकाच्या हाताला नवे काही द्यावे, ही धडपड तीच आहे आणि तिचे मला कौतुक आहे.

बाकीचे थोडक्यात. अमेरिकी सरकारचा या गाडीचा एकत्रित आकडा ४४ मैल प्रति गॅलन, म्हणजे लिटरला जवळजवळ पावणेएकोणीस किलोमीटर आहे. माझे सात महिन्यांचे ॲव्हरेज ४२ मैल पडले. डोंगरातल्या शनिवारी एस प्लस चालू ठेवून ते ३३ वर येते, कारण तेव्हा इंजिन त्याच्या सोयीच्या फेऱ्यांवर राहत नाही, माझ्या सोयीच्या फेऱ्यांवर राहते. मागची दोन आसने माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला पुरतात. माझ्या वडिलांना तिथे बसवण्याचा विचारही मी केला नाही. पुढची आसने हाताने सरकवावी लागतात, ४२ हजार डॉलरच्या गाडीत विजेवर हलणारी मिळायला हवी होती. चालकाचे आसन शेजारच्यापेक्षा बाजूंनी अधिक घट्ट धरणारे केले आहे, ते मात्र वळणावर फार उपयोगी पडते. मागचे दार मोठे उघडते, आणि आसने आडवी केली की महिन्याचा किराणा आणि मुलीची हार्मोनिअमची पेटी एकत्र मावते.

ही गाडी पाहायला जाणाऱ्याला माझी एकच विनंती आहे : विक्रेत्याबरोबर मोठ्या रस्त्यावरून एक फेरी मारून परत येऊ नका. त्या फेरीत एस प्लस शिफ्ट हमखास पोरकट वाटेल, कारण सरळ रस्त्यावर ती तशीच आहे. दहा मिनिटांचा का होईना, चढ-उतार असलेला रस्ता मागून घ्या. बटण बंद ठेवून चढा, वर वळवा, बटण दाबा, आणि उतरताना प्रत्येक वळणाआधी डावी पट्टी स्वतः ओढा. तळाशी पोचेपर्यंत आपली नजर वेगाच्या आकड्याकडे किती वेळा गेली, हे आठवून पाहा. बटण दाबूनही ती तितक्याच वेळा गेली असेल, तर त्याच विक्रेत्याच्या आवारात हेच दोन लिटरचे इंजिन, त्याच दोन मोटरी आणि त्याच २०० अश्वशक्ती असलेली सिव्हिक हायब्रिड बरीच स्वस्त उभी असते, आणि तिला चार माणसांपुरती जागाही आहे.